टांग्यातून सुटलेल्या घोडीसाठी

अलिबाग,
मे महिन्याची अखेर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

टांग्यातून सुटलेली घोडी तू घेतलीस आणि आता तिच्यावर बसून गुहागरच्या किनाऱ्याने फिरणार, हे वाचून फार आनंद झाला. पण खोगिराचे पैसे एवढ्यात देऊ नकोस. आधी तिची पाठ नीट बघ.

ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं. इथे ओहोटीला कुलाबा किल्ल्याकडे टांगे जातात. चाक वाळूत रुतलं की घोडा सगळा जोर छातीने काढतो. पाठीवर येतो तो दांड्यांचा थोडा भार, तोही एका लहान गादीवर. माणूस वाहायची त्या पाठीला सवयच नसते. म्हणून घोडी कितीही दांडगी दिसली तरी स्वार आणि खोगीर मिळून तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर जाऊ नये. ती ३५० किलोची असेल तर ७० किलो, बस्स. पहिले काही आठवडे तर नुसती चाल ठेव, तीही थोडा वेळ.

आता खोगीर. अशा जनावराचे खांदे रुंद असतात, पाठ सपाट असते आणि आयाळ संपते तिथला उंचवटा बसका असतो. बाजारात मिळणारी बरीच खोगिरं सडपातळ घोड्यांच्या मापाची. अरुंद सांगाडा तिच्या खांद्यांना दोन्हीकडून चिमटा काढील. वरून जाड गाशा, म्हणजे खोगिराखालची गादी, घातला तर ते आणखीच आवळेल, घट्ट चपलेत जाड मोजा घातल्यासारखं. आधी गाशाशिवायच खोगीर ठेव, खांद्याच्या फऱ्यामागे आपोआप थांबेल तिथपर्यंत मागे सरकव. तू बसल्यावरही उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, कण्यावरून आरपार उजेड दिसला पाहिजे, आणि मागचं टोक शेवटच्या बरगडीपलीकडे जाता कामा नये. फेरी मारून आलास की खोगीर उतरवून घाम बघ. ओल्या पाठीवर एखादा कोरडा पट्टा दिसला तर तिथे दाब पडतोय. पांढरे केस उगवले असतील तर ती जुन्या जखमेची खूण. त्या जागेवर तू हात ठेवलास की घोडी कातडी थरथरवते का, तेही बघ.

बसक्या उंचवट्यामुळे खोगीर बाजूला कलंडतं आणि लोक तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, करकचून आवळतात. ते करू नकोस, मापाचं खोगीर घे. चढताना ओट्यावरून चढ, रिकिबीत सगळं वजन टाकून पाठ ओढू नकोस.

झापडं काढलीस की तिला बाजूने येणारी लाट पहिल्यांदाच दिसेल. बिचकणारच. आधी मोरखीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या साजाला, धरून पायी फिरव. टांग्याचा, तोंडात घालायचा लांब दांड्यांचा लगाम काढून साधा, तोंडाच्या रुंदीचा घे.

पावसाळ्याची मात्र मला काळजी वाटते. खाऱ्या हवेने बकलं गंजतात आणि जुलैत चामड्यावर बुरशी चढते. वाळूवरून आल्यावर चामडं गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पूस, सावलीत सुकव, मग तेलाचा पातळ हात दे. खूर रोज कोर. तळव्याच्या मऊ भागाला कुजका वास आला की तिच्या उभं राहण्याच्या जागेची जमीन कोरडी कर. गोमाश्या वाढल्या आणि ताप येऊन-जाऊन राहिला, तर सर्ऱ्यासाठी, म्हणजे गोमाश्या चावून पसरणाऱ्या रक्ताच्या रोगासाठी, रक्त तपासून घे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चंदी, घोडीला रोज घालायचा दाणा. झडीत घोडी बांधून असेल आणि हरभरा पूर्वीइतकाच चालू राहिला, तर कामाला काढल्याबरोबर मागचे पाय आखडतात, घाम फुटतो, लघवी काळपट होते. तसं झालं तर तिला एक पाऊलही चालवू नको, तिथेच डॉक्टर बोलाव. सुट्टीच्या दिवशी चंदी कमी, गवत भरपूर, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेव.

एक काम लगेच कर. मऊ, जाड तार घे, तिच्या फऱ्यामागे पाठीवर आडवी दाबून बसव आणि तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापून पाठव. ती मागून कशी दिसते त्याचा फोटोही हवा. ते माप हातात घेऊनच मी खोगीर बघायला जाईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र