अक्का, ती चिंधी बघायला तुम्ही परत आलात

अक्का, नमस्कार.

तुमची शाळा तेलुगू माध्यमातली, तेव्हा हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर बोलायला गेले की तुम्ही "असू दे गं" म्हणता आणि भाकरी थापायला उठता. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांना दिसेल असं लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते लोकांना कळायला हवं.

तुम्ही दुरुस्त करून दिलेलं शिवणाचं मशीन सुरळीत चालतंय. गणवेशांचा पहिला गठ्ठा वेळेत गेला, एकाही शिवणीत टाका सुटलेला नव्हता.

घरी शिवणाऱ्या आम्हा बायकांची वर्षाची कमाई एप्रिल ते जूनमध्ये होते. जूनच्या मध्याला शाळा उघडतात. त्याआधी मिळेल ते काम अंगावर घ्यायचं आणि त्यावर पुढचे महिने काढायचे. नेमकी तेव्हाच सोलापुरात धूळ उठते. पारा चाळिशीच्या पुढे, वळवाआधीच्या वावटळी, आणि आपल्या पूर्व भागात त्यात यंत्रमागांचा तूस. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून या गावाच्या हवेत सूत आहे. गिरण्या गेल्या, टॉवेल-चादरींचे माग राहिले. दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत फडताळावर पांढरा थर बसतोच. फडताळावरचा पुसून निघतो. मशीनमध्ये गेलेला तेलात मिसळतो आणि घट्ट होत जातो.

तुमच्या आधी जे दुरुस्तीवाले येऊन गेले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. एकाने स्क्रू आवळला, पैसे घेतले आणि "वर टॉवेल टाकत जा" असं सांगून गेला. सोलापुरात राहणाऱ्या माणसाला टॉवेलचा तूस माहीत नसावा? जे मशीनमध्ये जाऊ नये तेच त्याने वर पांघरायला सांगितलं. दुसऱ्याने प्लॅस्टिकची पिशवी चढवायला लावली, शटल बदललं आणि टाके पुन्हा सुटायला लागल्यावर फोनच उचलला नाही. शेवटचा तर उंबऱ्यातूनच म्हणाला, "घरच्या बायकांच्या हातात मशीन टिकत नाही, नवीन घ्या." हे तो माझ्या सासूबाईंसमोर बोलला. ज्या मशीनवर त्यांनी लेकरं वाढवली, लग्नं केली, त्या मशीनबद्दल बोलला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

यांच्यातल्या एकानेही सुईखालची प्लेट उघडली नव्हती, अक्का. तुम्ही आल्या आल्या तीच उघडलीत. खालून कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांच्या मधल्या फटींत तूस इतका गच्च बसला होता की घोंगडीच्या तुकड्यासारखा सलग निघाला. दात्यांना वर यायलाच जागा नव्हती, मग कापड पुढे सरकणार कसं? मी फुंकर मारायला वाकले तर तुम्ही मला थांबवलंत. फुंकलं की तूस आणखी आत जातो आणि तोंडाची वाफ लोखंडाला लागते, असं म्हणालात आणि बारीक ब्रशने एकेक फट बाहेरच्या बाजूला झाडत बसलात. बाकीचं तुम्ही काय काय केलंत ते इथे लिहीत नाही. इतकंच सांगते की पूर्ण वेळ सासूबाई शेजारी बसून होत्या आणि तुम्ही प्रत्येक गोष्ट त्यांना दाखवून करत होतात. मशीन त्यांचं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही पिशवीतून गणवेशाच्या पँटच्या टेरीकॉटचे उरलेले तुकडे काढलेत. घट्ट विणीचं, गुळगुळीत, ज्याचा तूस निघत नाही असं कापड. वितीने माप घेतलंत आणि त्याच मशीनवर त्याच मशीनचं कव्हर शिवलंत. पार लाकडी फळीपर्यंत उतरणारं, पट्टा जातो तिथे चीर ठेवलेलं. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून लोखंड गंजतं, कापडातून ती निघून जाते, हेही तुम्ही शिवता शिवताच सांगितलंत. किती साधी गोष्ट, आणि पैसे घेऊन आलेल्या माणसांना ती सांगावीशी वाटली नाही.

पण मला सर्वांत जास्त लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. निघताना तुम्ही मशीनच्या, कापड दाबून धरणाऱ्या फुटाखाली पांढऱ्या कापडाची दुमडलेली चिंधी ठेवलीत, सुई तिच्यात उतरवलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा टाकत होते, तर तुम्ही डबा हातात घेऊन दारात. कारखान्यात जायच्या वाटेवर आलात. चहा नको म्हणालात. कव्हर उचललंत, चिंधी काढलीत, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलीत. रात्रभरात ओघळलेलं तेल तिच्यात उतरलं होतं, काळं. "अजून घाण आहे," म्हणालात, नवी चिंधी ठेवलीत आणि निघालात. दोन मिनिटंही लागली नसतील.

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. कामाचे पैसे तुम्ही घेतले नव्हते, त्यामुळे तक्रार करायला मला तोंडही नव्हतं. तरी आपण हात लावलेलं काम रात्रीत कसं राहिलं, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तुमच्या पाठीमागे मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे तुम्हाला आज सांगते. इतके महिने कुणी परत येऊन बघेल याची मी आशाच सोडली होती.

अशी माणसं आहेत म्हणून आपल्या गल्ल्या चालतात, असं मला फार वाटतं. शेजारणीच्या बाळंतपणात न सांगता डिंकाचे लाडू पोचवणारी, शिधापत्रिकेच्या रांगेत म्हातारीची जागा धरून ठेवणारी. त्यांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत आणि त्यांना लावूनही घ्यायची नसतात. पण जो नीट काम करतो त्याला नीट काम केलंस असं कुणीतरी म्हणायला हवं की नाही?

पैसे तुम्ही घेणार नाही, हे कळलंय. सासूबाईंनी मात्र त्यांच्या पेटीतलं इरकलीचं एक खण काढून ठेवलंय, हिरव्या काठाचं. ते मीच शिवणार. मापाचा एक जुना ब्लाउज उद्या नातीबरोबर पाठवा, अक्का, आणि यावेळी "असू दे" म्हणू नका.

तुमची,
कोपऱ्यावरच्या वाड्यातली शिवणवाली