कैरो म्हणजे नुसते पिरॅमिड नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला इजिप्त टूरवरचा लेख वाचला, फोटो झक्कास होते पण लेख पिरॅमिडवरून उडी मारतो ती थेट नाईलच्या क्रूझवर, मधली हजारो वर्षं गायबच. आपल्याकडचे टूरवालेही हेच करतात म्हणा.

1047 मध्ये नासिर खुस्रो कैरोला पोचला. हा अरब नव्हे, इराणी, महसूल खात्यातली नोकरी सोडून सातेक वर्षं भटकत होता, त्यामुळे नजर पक्की हिशेबनिसाची. शेजारच्या फुस्तात शहरात सात ते चौदा मजली घरं आहेत असं लिहितो. चौदा जरा जास्तच वाटतात, कारण त्याच्याआधी काही दशकं लिहिणारा अरब भूगोलकार मुकद्दसी चार-पाचच मजले सांगतो, पण एकेका घरात दोनशे माणसं राहतात असं ऐकल्याचं तोही लिहितो. खुस्रो सांगतो, एका पठ्ठ्याने तर सातव्या मजल्याच्या गच्चीवर बाग केलेली, वासरू लहान असतानाच वर नेलं, वरच वाढवलं आणि बैल झाल्यावर रहाटाला जुंपलं, पाणी वर चढायला लागलं आणि गच्चीत संत्री, केळी! काही बाजारांत ऊन जमिनीपर्यंत पोचायचंच नाही म्हणून दिवसासुद्धा दिवे. आणि वाणी लोक सामान काच, मातीची भांडी नाहीतर कागदात बांधून द्यायचे, गिऱ्हाइकाने घरून काही न्यायची गरज नाही. राजांच्या इतिहासात हे कुठे सापडणार?

खुस्रोनेच सांगितलेला, नवव्या शतकात इजिप्तवर राज्य करणाऱ्या इब्न तुलूनच्या मशिदीचा किस्सा तर भारीच. इब्न तुलूनच्या वंशजांनी ती खलिफा हाकिमला तीस हजार दिनारांना विकली, मग काही दिवसांनी येऊन मिनार पाडायला लागले. हे काय चाललंय विचारलं तर म्हणे, मिनार कुठे विकलाय आम्ही? पार्किंगचे पैसे वेगळे म्हणणाऱ्या बिल्डरसारखंच! हाकिमने मुकाट्याने आणखी पाच हजार मोजले.

फुस्तात 1168 मध्ये जाळलं गेलं, क्रुसेडवाल्यांच्या, म्हणजे धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती फौजेच्या, हाती लागू नये म्हणून इजिप्तचा वजीर शावरनेच जाळायला लावलं. ती उंच घरं आता नाहीत. पण 879 मध्ये पुरी झालेली इब्न तुलूनची मशीद अजून उभी आहे, पुढच्या लेखात तिला निदान एक परिच्छेद द्या. फक्त आज दिसतो तो मिनार त्या भांडणातला नव्हे बरं का, तो बहुतेक 1296 च्या सुमाराला सुलतान लाजीनने नव्याने बांधलेला मानतात.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा