भाजावळीला मुभा द्या, मग वणव्याला पकडा

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये भर दुपारी माझी काजूची बाग जळाली. सात वर्षांची झाडे अर्ध्या तासात गेली. आग कोणी लावली ते आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी सांगणार नाही. मीही नाही. त्याला बाग जाळायची नव्हती, आपल्या वरकसातले, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतले, गवत जाळायचे होते. चोरून लावायची म्हणून माणसे जेवून आडवी झाल्यावर लावली, आणि लावून पळाला. वारा नेमका तेव्हाच सुटतो.

कोकणात दोन आगी आहेत. एक राबाची, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची, भाजावळीची. शेण, पातेरा, कवळ (तोडलेल्या पाल्याच्या फांद्या) पसरून दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजायची, म्हणजे तणाचे बी मरते, राख मिळते, माती भुसभुशीत होते आणि पावसात तरवा (भाताची रोपे) सहज उपटून येतो. ही आग बांधाच्या आत राहते, घरातली बाई पाण्याची कळशी घेऊन शेजारी उभी असते. दुसरी डोंगराची. जाळले की गवत चांगले येते, असे म्हातारी माणसे सांगतात. पहिले फुटवे हिरवेगार दिसतात हे खरे, पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या सरींत वहाळाला लागते, तेही आम्हीच बघतो. मला डोंगर जाळणे पटत नाही. पण गावात लागणारा फलक दोन्हींना एकच: आग लावू नका.

१९२७च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ एवढे आंधळे नाही. वनअधिकारी जाहीर करील तो हंगाम सोडून राखीव वनात विस्तव पेटवणे, बाळगणे, नेणे गुन्हा, असे ते म्हणते. म्हणजे हंगाम जाहीर करण्याची कल्पना कायद्यात आधीच आहे. त्याच धर्तीवर जंगलाला लागून असलेल्या खाजगी वरकसासाठी हंगाम ठरवा.

डिसेंबर-जानेवारीत, सकाळी, वारा पडलेला असताना. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि वनरक्षकाकडे वर्दी. चारही बाजूंनी दहा-बारा फुटांचा जाळपट्टा साफ केलेला. आणि पेटवायचे वरच्या अंगाने, कारण आग चढाला धावते. खालून लावलेली कोणाच्या बापाला ऐकत नाही. विझेपर्यंत लावणारा तिथेच. राबाला तर नुसती वर्दी पुरे. एवढे करूनही जो मार्चच्या दुपारी काडी ओढील, त्याला खुशाल धरा.

त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: राखीव वनात आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली, तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे हक्क सरकार स्थगित करू शकते. काडी एकाची, गुरे सगळ्यांची. असे असल्यावर साक्ष कोण देणार?

उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून निघतो, पण तोवर आम्ही ओले टहाळे घेऊन डोंगरावर असतो.

परिपत्रक निघाले तर पहिली वर्दी द्यायला मी शेजाऱ्याला घेऊन येईन. कोणत्या, ते विचारू नका.

आपला,
संगमेश्वर तालुक्यातला एक काजू बागायतदार