आईची पावडर आणि थायरॉइडची गोळी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की खाजेसाठी दिलेली कोलेस्टायरामिनची पावडर कोलेस्टेरॉलची कशी? औषध बरोबरच आहे, ते दोन्हीला चालतं.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. ती आतड्यात चरबी पचवायला मदत करतात आणि त्यातली जवळजवळ ९५ टक्के परत यकृतात जातात. ही पावडर रक्तात शिरतच नाही. आतड्यातच पित्ताम्लांना धरते आणि शौचावाटे बाहेर काढते. मग नवी पित्ताम्लं करायला यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेतं आणि ते १५ ते ३० टक्क्यांनी उतरू शकतं.

आई, तुझ्या यकृतातून पित्त नीट वाहत नाही. पित्तातले घटक रक्तात साठतात आणि त्यातूनच ही खाज उठते, असं मानतात. म्हणून तर इतकी मलमं चोळूनही तुला रात्रभर झोप नव्हती. पावडर पित्ताम्लं बाहेर काढते म्हणून खाज उतरते, पण फरक पडायला दोन-तीन आठवडेही लागतात, तेव्हा मधेच सोडू नकोस गं.

मला खरी काळजी आहे ती वेळेची. ही पावडर पोटात जे समोर येईल त्याला धरते, औषधांनाही. तू सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी घेतेस आणि लगेच नाश्त्याआधी पावडर; अशाने गोळी अंगाला लागणारच नाही. गोळी आणि पावडर यांत निदान चार तास हवेत. गोळी रात्री झोपताना घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचार. बाकीची औषधं पावडरीच्या एक तास आधी, नाहीतर चार ते सहा तासांनी.

पावडर कोरडी तोंडात टाकायची नाही, घशात अडकते. पेलाभर पाण्यात नीट ढवळून घे. कोठा जड होईल, पाणी भरपूर पी. हिरड्यांतून रक्त आलं किंवा अंगावर निळे डाग दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखव, कारण के जीवनसत्त्वही कमी शोषलं जातं.

आणि बाबा, आईच्या डब्यातली पुडी तुम्ही घेऊ नका. तुमचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) आधीच चढलेले आहेत, ह्याने आणखी वाढू शकतात.

डॉक्टर गोळीच्या वेळेचं काय म्हणाले ते कळवा.

तुमची लेक