विषय: सायकलच्या फ्रेममधला सैल रिव्हनट आणि तुमचं 'ॲक्सेसरी'चं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे काही ते लेखीच.

सायकलच्या कार्बन फ्रेमच्या डाउनट्यूबवर, म्हणजे खालच्या तिरक्या नळीवर, बॉटल केजसाठी (बाटली अडकवायच्या स्टँडसाठी) दोन रिव्हनट तुम्हीच बसवता, त्यामुळे रिव्हनट म्हणजे स्क्रू घ्यायला भोकात दाबून बसवलेली आट्यांची नळी, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या फ्रेममधला खालचा रिव्हनट जागच्या जागी फिरतो. स्क्रू पिळला की तोही गरगरतो; स्क्रू आवळतही नाही, निघतही नाही. जांबोटी रस्त्याला लागलं की केज खडखडते आणि भोकाच्या कडेचा कार्बन घासला जातो. फ्रेम वॉरंटीत आहे. रिव्हनट फ्रेममध्ये आहे.

आता आजचं बोलणं ऐका. तुमच्या बाईंनी आधी विचारलं, "सर, बेळगाव महाराष्ट्रात की कर्नाटकात?" कर्नाटकात, म्हटलं. "पण बिल कोल्हापूरचं आहे, तिकडेच दाखवा." कोल्हापूरचा डीलर म्हणतो, कर्नाटक हुबळीवाल्यांकडे. हुबळीवाले म्हणतात, बिल आमचं नाही. हे सांगितल्यावर मला होल्डवर टाकलं, तुमची जाहिरात ऐकवली आणि मग निकाल दिला: "सर, बॉटल केज ॲक्सेसरीत येते, तिला वॉरंटी नाही." अहो, केज ठणठणीत आहे, रिव्हनट सैल आहे! "ओके सर. मग तोपर्यंत बाटली बॅगेत ठेवून चालवा ना." आणि वर, "आणखी काही मदत करू का?" आणखी!

सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागल्यावरच माझा रिव्हनट बसवणार असाल तर तसं लिहून द्या, म्हणजे मी वाट बघायला मोकळा.

'लोकल मेकॅनिककडून करून घ्या' हाही सल्ला मिळाला. उद्यमबागेतल्या मिस्त्रीने फ्रेमवर टिचकी मारून बघितली आणि हात आखडता घेतला. "लोखंड असतं तर आत्ता दिलं असतं की. ह्यात टूल जरा जास्त ओढलं तर भोकाला चीर जाईल." त्याला कळतं ते तुमच्या माणसांना कळत नाही. काम एवढंच: रिव्हनटची कॉलर, म्हणजे बाहेरची कडा, धरून स्क्रू सोडवायचा, रिव्हनट पुन्हा ओढून बसवायचा, नाही बसला तर काढून नवा इपॉक्सीत (पक्क्या चिकटद्रव्यात) बसवायचा. रिव्हनटचं ॲल्युमिनियम उघड्या कार्बनला टेकलं की घामापाण्याने गंजतं, म्हणून इपॉक्सी. हे ग्राहकाने कंपनीला सांगायचं! बरं, बाहेर ड्रिल लावलं तर वॉरंटी रद्द, असं तुमच्याच पुस्तिकेत आहे. म्हणजे दुसऱ्याने करायचं नाही आणि तुम्ही करणार नाही.

एवढे पैसे मोजताना तुमच्या नावावर विश्वास ठेवला होता. तो आता राहिलेला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि मी बेळगावात राहतो. तिथे कोल्हापूर की हुबळी हा घोळ चालणार नाही. दुरुस्ती कोण आणि कुठे करणार, हे आठ दिवसांत लेखी कळवा. फ्रेम बेंगळूरला पाठवायची असेल तर खोका आणि भाडं तुमचं. आणि उत्तरात 'ॲक्सेसरी' हा शब्द परत दिसता कामा नये.

बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

एक ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव