डॉल्फिनसोबत पोहणे : तिकिटाला साठने नव्हे, चारने भागा

संपादक महोदय,

सुट्टीचे दिवस जवळ आले की समुद्रकाठच्या सहलींच्या जाहिरातींत एक छायाचित्र हमखास दिसते. डॉल्फिनने पर्यटकाच्या गालाला चोच टेकवलेली असते आणि पर्यटक डोळे मिटून हसत असतो. सहलीतल्या एकेका दिवसाचा खर्च मांडला तर हे तिकीट बहुधा यादीच्या वरच्या टोकाला असते, आणि घरचे चौघे असतील तर ते चौपट होते. पैसे भरण्याआधी त्यात नेमके काय हाती पडते ते पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

मुळात 'डॉल्फिन स्विम' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिलीत पोहणे नसतेच. कमरेइतक्या पाण्यात बुडवलेल्या फळीवर रांगेने उभे राहायचे, ट्रेनर डॉल्फिनला एकेकापुढून फिरवतो, हात लावायचा, फोटो काढून घ्यायचा. दुसरीत खोल पाणी असते आणि डॉल्फिन माणसाला ओढत किंवा ढकलत नेतो. तिसरी खुल्या समुद्रातली. तिथे होडीतून पाण्यात उतरायचे आणि डॉल्फिन जवळ यायचे की नाही ते त्याचे तो ठरवणार. तिन्हींचे दर, धोके आणि नियम वेगळे आहेत. तरीही जाहिरातीत फोटो दुसरीचा आणि सर्वांत स्वस्त तिकीट पहिलीचे, ही जोडी नेहमीची आहे. तिकिटावर 'एन्काउंटर' लिहिले असेल तर ते पहिलीचे समजा.

आता वेळेचा हिशेब. समजा, कार्यक्रम तासाभराचा आहे. त्यातली पंधरावीस मिनिटे सूचना ऐकण्यात, अंगठ्या-घड्याळे काढून ठेवण्यात, शॉवरखाली अंग धुण्यात आणि लाइफ जॅकेट चढवण्यात जातात. बाहेर येऊन कपडे बदलायला दहा मिनिटे धरली तर पाण्यात उरतो अर्धा तास. गटात आठ जण आणि डॉल्फिन एक असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटेसुद्धा येत नाहीत आणि त्यातले एखादे मिनिट फोटोच्या पोझला जाते. उरलेला वेळ दुसऱ्यांचे चाललेले बघत तरंगत राहायचे. म्हणून तिकिटाच्या रकमेला साठने नव्हे, चारने भागावे. येणारा आकडा परवडत असेल, तर पुढचे वाचा.

फोटोंचा खर्च यात धरलेला नाही. बहुतेक ठिकाणी स्वतःचा कॅमेरा किंवा मोबाइल पाण्यात नेऊ देत नाहीत. कारण सांगतात ते खरे आहे : हातातून पडलेली वस्तू डॉल्फिन गिळू शकतो आणि पोटात अडकलेली वस्तू त्याच्या जिवावर बेतते. पण परिणाम असा की फोटो तिथल्याच काउंटरवरून विकत घ्यावे लागतात आणि एकच फोटो मागितला तरी पूर्ण संच गळ्यात मारला जातो. बुकिंगच्या वेळीच तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. फोटोसंचाचा दर किती, तो माणशी की कुटुंबाला मिळून, आणि काठावर बसणाऱ्या सोबत्याला वेगळे तिकीट लागते का. क्रूझवरून जाणाऱ्यांनी आणखी एक बघावे : तेच ठिकाण थेट बुक केल्यास काय दर पडतो. मात्र थेट बुकिंग करून परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही, हेही त्याच हिशेबात धरा.

पाण्यातला अनुभव जाहिरातीपेक्षा बराच वेगळा असतो. लाइफ जॅकेटमुळे माणूस बुचासारखा उभा तरंगतो, त्यामुळे 'सोबत पोहणे' जवळजवळ होतच नाही. पायांना ढकलून नेण्याच्या प्रकारात दोन डॉल्फिन मागून येतात आणि आपल्या तळपायांना चोच लावतात. गुडघे ताठ आणि हात पसरलेले राहिले तर अंग पाण्याबाहेर उचलले जाते. गुडघे जरा वाकले की माणूस तोंडावर आपटतो आणि दुसरी संधी बहुधा मिळत नाही. पोटावरून नेण्याच्या प्रकारात डॉल्फिन उताणा होतो आणि पाहुणा त्याचे छातीजवळचे दोन पर धरतो. इथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. डॉल्फिनचे श्वासरंध्र डोक्याच्या माथ्यावर असते. तो उताणा असतो तेवढा वेळ ते पाण्याखाली असते, म्हणजे प्रत्येक फेरीला तो श्वास रोखूनच माणसाला वाहून नेतो. एका गटात आठ फेऱ्या झाल्या, तर दिवसभरात किती गट झाले हा प्रश्न आपोआप येतो. तो काउंटरवर विचारा. उत्तर आकड्यात मिळते की हसण्यावारी जाते, त्यावरून त्या ठिकाणाची बरीच पारख होते.

स्पर्शाचे म्हणाल तर तो खरोखर विलक्षण असतो. कातडी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत आणि घट्ट. तिचा वरचा थर सतत झडून नवा होत असतो, त्यामुळे हाताला कधी कधी राखाडी कण चिकटतात. सनस्क्रीन लावून येऊ नका असे सांगतात ते या कातडीसाठी, डोळ्यांसाठी आणि तलावाच्या पाण्यासाठी. दुपारच्या उन्हात उघड्या पाठीने तासभर भाजून घेण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट घालावा आणि सकाळची पहिली वेळ मागावी. पहिल्या गटाला डॉल्फिनही ताजेतवाने मिळतात.

डॉल्फिन हे सगळे का करतो? प्रेमाने, असे जाहिरात म्हणते. नीट बघितले तर प्रत्येक कृतीनंतर ट्रेनरची शिट्टी आणि मागोमाग बादलीतला मासा दिसतो. शिट्टीचा अर्थ 'बरोबर केलेस, खाऊ येतोय'. दोनशे किलोच्या डॉल्फिनला दिवसाला साधारण आठ ते दहा किलो मासे लागतात आणि तो कोटा दिवसभराच्या कार्यक्रमांत वाटून दिला जातो. मासा गोठवून ठेवलेला असल्याने त्यातली जीवनसत्त्वे कमी होतात, म्हणून बी-1 आणि ई च्या गोळ्या माशाच्या कल्ल्यात कोंबून देतात. ते हसूही हसू नव्हे. जबड्याची ठेवणच तशी असते. आजारी डॉल्फिन आणि मेलेला डॉल्फिनसुद्धा तसाच हसरा दिसतो.

त्याचा खरा मूड वाचायचा तर तोंडाकडे नव्हे, हालचालींकडे बघावे. जबडा 'टाप्' असा आवाज करत मिटणे, तोंड वासून समोर राहणे, डोके झटकणे, शेपटी पाण्यावर जोरात आपटणे, अंग एस आकारात वाकवणे या धमकावण्याच्या खुणा आहेत. यातले काही दिसले तर हात आखडते घ्या आणि ट्रेनरकडे सरका. बाटलीनाक्या (बॉटलनोज) जातीच्या डॉल्फिनची लांबी दोन ते चार मीटर आणि तोंडात शंकू आकाराचे ऐंशीच्या वर दात. त्याने मनात आणले तर लाइफ जॅकेट उपयोगाचे नाही. चावे, दातांचे ओरखडे आणि धडकेने मोडलेली हाडे, हे सगळे अशा कार्यक्रमांत घडलेले आहे. खोकला, सर्दी किंवा अंगावर उघडी जखम असताना पाण्यात उतरूच नये, कारण माणसाकडून डॉल्फिनकडे आणि उलटही जंतू जातात. गरोदरपण, पाठीचे वा मणक्याचे दुखणे, नुकतेच झालेले ऑपरेशन यांची माहिती लपवून फॉर्मवर सही केली, तर विमा कंपनी भरपाई नाकारायला मोकळी.

लहान मुलांच्या बाबतीत वयापेक्षा उंचीची अट आधी तपासा. ती भरत नसेल तर मुलाला ऐन वेळी काठावर बसवतात आणि परतावा मिळत नाही. शिवाय चारपाच वर्षांचे मूल जाहिरातीतला डॉल्फिन आपल्याएवढा समजते. प्रत्यक्षात बाबांहून लांब जनावर समोर आले की ते रडते आणि आईची चार मिनिटेही त्यातच संपतात. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी 'डॉल्फिन थेरपी' म्हणून जे विकले जाते, त्याचा टिकाऊ फायदा सिद्ध झालेला नाही. तो पैसा नियमित उपचारांवर घालवावा, असे स्पष्ट सांगायला हवे.

कायद्याचा प्रवाह कुठे चालला आहे, हेही ग्राहकाने पाहिलेले बरे. कोस्टा रिकाने 2005 मध्येच डॉल्फिन आणि देवमाशांसोबत पोहण्यावर बंदी घातली. भारतात 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमच्या, म्हणजे डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या तलावांच्या, प्रस्तावांना परवानगी देऊ नये, असे राज्यांना कळवले. कॅनडाने 2019 मध्ये आणि फ्रान्सने 2021 मध्ये डॉल्फिन बाळगण्याविरुद्ध कायदे केले. अशा पोहण्याचा मोठा बाजार असलेल्या मेक्सिकोच्या संसदेनेही 2025 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या खेळांवर बंदी आणणारी दुरुस्ती मंजूर केली. म्हणजे वर्षभर आधी काढलेले तिकीट त्या तारखेला चालेलच, हे आता गृहीत धरता येत नाही. 'समुद्रातल्या नैसर्गिक कुंपणात' या शब्दांनीही भुलू नये. पाणी समुद्राचे असते, पण जाळीच्या आतला कार्यक्रम, शिट्टी आणि बादली तीच.

मग खुल्या समुद्रात जावे का? इथे उत्तर जातीवर आणि जागेवर अवलंबून आहे. हवाईतले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ, वाळूच्या तळाच्या खाडीत विसावतात. पर्यटकांच्या होड्या नेमक्या त्यांच्या झोपेच्या वेळी येतात. म्हणून 2021 पासून तिथे मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून 2 सागरी मैलांच्या पट्ट्यात त्यांच्या 50 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 45 मीटरच्या, आत जायला मनाई आहे. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बाटलीनाक्या डॉल्फिनांची स्थानिक संख्या 1999 पासून 66 टक्क्यांनी घटल्याचे तिथल्या संवर्धन विभागाने सांगितले आणि 2019 मध्ये त्यांच्यासोबत पोहणे बंद केले. पण त्याच देशात कायकुरा इथे डस्की जातीच्या डॉल्फिनांसोबत परवानाधारक होड्यांतून पोहता येते. ते शेकड्यांच्या कळपाने असतात. कळपात पिल्ले असतील तर पाण्यात उतरायचे नाही, हा तिथला नियम.

असे पोहणे हे खरे पोहणाऱ्याचे काम आहे. पाणी थंड असते, जाड वेटसूट घालावा लागतो, लाटा असतात, तळ दिसत नाही. स्नॉर्केलची, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीची, सवय तरणतलावात दोनतीन वेळा करून घ्यावी. पहिल्यांदाच नळीत पाणी शिरले की माणूस घाबरून ती तोंडातून काढतो आणि डॉल्फिन आजूबाजूला असतानाही त्याला काही दिसत नाही. होडी लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. पाण्यात उडी मारायची नाही, काठावरून घसरत उतरायचे. हात अंगालगत ठेवायचे, पाठलाग करायचा नाही, हात लावायचा नाही. जवळ यायचे असेल तर डॉल्फिनच येतो आणि गोल फिरून डोळ्यात डोळा घालून बघतो. विकतच्या चार मिनिटांना त्याची सर नाही.

होडीवाल्याची परीक्षा एका गोष्टीने होते. चांगला नावाडी कळपाच्या बाजूने, समांतर आणि हळू जातो. वाईट नावाडी कळपाला ओलांडून पुढे जातो, वाटेत माणसे सोडतो, कळप वळला की सगळ्यांना वर घेऊन पुन्हा पुढे धावतो. डॉल्फिन दिशा बदलू लागले, पाण्याखाली जास्त वेळ राहू लागले किंवा कळप दाटीने एकत्र आला, की त्यांना आपण नको आहोत. 'शंभर टक्के डॉल्फिन दाखवू' असे कोणी म्हणाला तर तो बहुधा त्यांना मासे टाकून सवय लावतो किंवा पाठलाग करतो. प्रामाणिक ऑपरेटर दर्शन झाले नाही तर काय, हे लेखी देतो : काही रक्कम परत किंवा पुन्हा एकदा फेरी.

आमचे मत विचाराल तर तलावातल्या पोहण्यावर खर्च करू नये. उत्तम पोहता येत असेल आणि परवाना असलेली जागा वाटेवर असेल, तर खुल्या समुद्रातले पोहणे महाग असले तरी घेण्यासारखे आहे. बाकी सगळ्यांसाठी, विशेषतः मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर, लहान होडीतून नुसते पाहणे उत्तम. ते स्वस्त असते, दोनतीन तास चालते आणि होडीच्या नाकापुढच्या लाटेवर स्वार झालेला डॉल्फिन कठड्यावरून हातभर अंतरावर दिसतो. त्यासाठी दुर्बीण न्या, पाण्याची चकाकी कमी करणारा पोलराइज्ड काचांचा चष्मा न्या आणि शक्य तर वारा पडलेली सकाळ निवडा. पाण्यावर पांढरा फेस असेल तर पाठीवरचा पर ओळखू येत नाही.

तलावाचे तिकीट आधीच काढून बसलेल्यांनी व्हाउचरच्या तळाशी रद्द करण्याची मुदत वाचावी. अनेकदा ती 24 किंवा 48 तासांची असते आणि स्थानिक वेळेनुसार मोजतात. मुदत टळली असेल तर पैसे परत मागण्याऐवजी त्याच कंपनीच्या होडीच्या फेरीत तिकीट बदलून मागावे. परताव्याला 'नाही' म्हणणारे काउंटर बदलून द्यायला बऱ्याचदा तयार होतात.

आपले विश्वासू,
सागरी पर्यटनाचे दोन अभ्यासक