वेल्डिंगच्या उजेडाला पण रेडिएशनच म्हणतात

संपादक साहेब, नमस्कार.

रेडिएशनचा विषय निघाला की लोक एक्स-रेवर नाहीतर मोबाईल टॉवरवर येतात, वेल्डिंगचं नाव कुणीच घेत नाही, म्हणून लिहितोय. मी एक्स-रे टेक्निशियन, धाकटा भाऊ फॅब्रिकेशनमध्ये. माझ्या छातीला लेड एप्रनच्या (शिशाच्या) आत टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बिल्ला असतो, तो ठरल्या वेळी तपासायला जातो, पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) वर डोस जाऊ द्यायचा नाही हे आम्हाला पाठ असतं. भावाकडे यातलं काहीच नाही. का, तर वेल्डिंगचं रेडिएशन नॉन-आयोनायझिंग, अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यात नाही, मग त्याला काय घाबरायचं असं सगळे धरून चालतात.

मागे एकदा दोनच टॅक (तुकडे जागेवर धरायला मारायचे छोटे टाके) मारायचेत म्हणून त्याने तोंडावरचं शील्ड न घेताच काम केलं. दिवसभर काही नाही. रात्री दोनला उठून बसला, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतंय म्हणाला, पाणी थांबेना, मी लाईट लावला तर उशीत तोंड खुपसून ओरडला. आर्कमधल्या, म्हणजे वेल्डिंगच्या त्या झगझगीत उजेडातल्या, यूव्हीने (अतिनील किरणांनी) बुबुळाचा वरचा पडदा भाजतो आणि ते कळतं काही तासांनी, तिथेच माणूस फसतो. दोन दिवसांत डोळे बरे झाले की विषय संपला असं सगळ्यांना वाटतं, पण कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, वेल्डिंगच्या यूव्हीला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय त्यांत, टाकलंय, आणि काचेच्या भट्टीसमोर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना इन्फ्रारेडमुळे (उष्णतेच्या किरणांमुळे) मोतीबिंदू होतो हे तर फार जुनं आहे.

आमच्या एक्स-रे विभागातही सगळं चांगलं चाललंय असं नाही हो. 2011 मध्ये आयसीआरपीने, म्हणजे रेडिएशनपासून बचावाच्या शिफारशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, डोळ्याच्या भिंगाची मर्यादा वर्षाला 150 वरून थेट 20 मिलिसिव्हर्टवर आणायला सांगितली, तरी एक्स-रे काढताना रडणारं मूल धरायला दर वेळी तोच वॉर्डबॉय, तोही एप्रनशिवाय, हे मी डोळ्याने बघितलंय. दोन पावलं मागे सरकला तरी फरक पडतो, अंतर दुप्पट झालं की डोस जवळपास चौथा हिस्सा होतो.

माझी मागणी एवढीच आहे की वेल्डरबरोबर हेल्परलाही शील्ड द्या आणि कामाभोवती वेल्डिंगचा पडदा लावा. भाऊ आता शील्डशिवाय टॅक मारत नाही, पण पट्टी धरणारा त्याचा हेल्पर, अठरा-एकोणीसचा पोरगा, आजही नुसती मान वळवून उभा असतो.

आपला एक वाचक